आफ्रिकेतील गरीब देशांत लहान मुलांच्या कर्करोगावर उपचार कसे होतात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांमध्ये बालकर्करोगावर होणाऱ्या उपचारांविषयी मराठी वाचकांना पडू शकणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे प्रामुख्याने मलावी, युगांडा, घाना आणि कॅमेरून येथील आहेत. त्यांतही मलावीचा उल्लेख अधिक येईल, कारण जगातील अत्यंत गरीब देशांपैकी एक असूनही तेथील ब्लँटायर शहरातील डॉक्टरांनी आपल्या यशापयशाच्या नोंदी वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे प्रसिद्ध केल्या आहेत.

आफ्रिकेत मलेरिया, क्षयरोग आणि एचआयव्ही असताना मुलांच्या कर्करोगाकडे लक्ष देणे परवडते का?

जगात दरवर्षी १९ वर्षांपर्यंतच्या सुमारे ४ लाख मुलामुलींना कर्करोग होतो आणि त्यांतील बहुसंख्य मुले कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. यात आश्चर्य नाही, कारण मुलेच तेथे अधिक आहेत. मलावीची निम्मी लोकसंख्या साधारण अठरा वर्षांखालील आहे. श्रीमंत देशांत अशा मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, तर अनेक गरीब देशांत हेच प्रमाण ३० टक्क्यांच्या आत आहे. रोग तोच आणि बहुतेक औषधेही तीच असताना एवढी तफावत पडते, म्हणून तिची कारणे औषधांच्या पलीकडे शोधावी लागतात.

परवडण्याचा प्रश्न अनेकदा चुकीच्या समजुतीतून विचारला जातो. मुलांचे बरेचसे कर्करोग जुन्या, पेटंट संपलेल्या औषधांनी बरे होतात. बर्किट लिंफोमा या पांढऱ्या रक्तपेशींपासून उद्भवणाऱ्या, वेगाने वाढणाऱ्या कर्करोगावर मलावी आणि कॅमेरूनमध्ये वापरलेल्या सोप्या उपचारपद्धतीत एका मुलाच्या औषधांचा खर्च सुमारे ५० अमेरिकी डॉलरच्या आत बसवण्यात आला होता.

तेथे कोणते कर्करोग अधिक आढळतात?

विषुववृत्तीय पट्ट्यात बर्किट लिंफोमा हा बालकर्करोगांमध्ये पहिल्या काही क्रमांकांत असतो. त्याच्या जोडीला मूत्रपिंडात होणारी विल्म्स गाठ आणि डोळ्याच्या पडद्यावर होणारा रेटिनोब्लास्टोमा हे दोन कर्करोग मोठ्या प्रमाणावर दिसतात. एचआयव्हीचे प्रमाण जास्त असलेल्या भागांत मुलांनाही कापोसी सार्कोमा हा त्वचेवर आणि लसिकाग्रंथींत गाठी आणणारा कर्करोग होतो. रक्ताचा कर्करोग, जो युरोपात आणि आपल्याकडेही मुलांमध्ये सर्वाधिक आढळतो, तो आफ्रिकेतील नोंदींमध्ये विलक्षण कमी दिसतो. त्याविषयी पुढे स्वतंत्र प्रश्न आहे.

बर्किट लिंफोमा म्हणजे नेमके काय आणि तो आफ्रिकेशी का जोडला जातो?

डेनिस बर्किट हे आयरिश शल्यविशारद युगांडाची राजधानी कंपाला येथील मुलागो रुग्णालयात काम करीत होते. १९५७ मध्ये त्यांच्यासमोर एक मूल आणण्यात आले. त्याच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, गाठी आल्या होत्या. अशी आणखी मुले दिसू लागल्यावर त्यांनी १९५८ मध्ये या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. मग हा रोग नेमका कोठे होतो आणि कोठे होत नाही हे पाहण्यासाठी १९६१ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह मोटारीने आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागांत सुमारे १० हजार मैलांचा प्रवास केला आणि वाटेतील रुग्णालयांमध्ये चौकशी केली. उष्ण, दमट आणि फार उंचावर नसलेल्या प्रदेशातच हा रोग दिसतो, असे त्यातून निघाले. हा प्रदेश मलेरियाच्या प्रदेशाशी मोठ्या प्रमाणात जुळत होता.

त्याच वर्षी लंडनमधील त्यांचे व्याख्यान ऐकणाऱ्यांमध्ये अँथनी एपस्टीन हे संशोधक होते. या गाठींच्या पेशींमध्ये विषाणू असावा असे त्यांना वाटले आणि १९६४ मध्ये त्यांनी बर्ट अचाँग व इव्हॉन बार यांच्यासह तो शोधून काढला. तोच एपस्टीन-बार विषाणू होय. माणसातील कर्करोगाशी संबंध जोडला गेलेला तो पहिला विषाणू ठरला. हा विषाणू जगभर बहुतेक माणसांच्या शरीरात आयुष्यभर निमूटपणे राहतो. परंतु लहान वयात वारंवार फॅल्सिपेरम हा सर्वांत घातक प्रकारचा मलेरिया होणाऱ्या मुलांमध्ये रोगप्रतिकारक पेशींवर जो ताण येतो, त्यातून हा कर्करोग उद्भवतो असे आजचे आकलन आहे.

या गाठी जबड्यात किंवा पोटात येतात आणि त्यांतील पेशींची संख्या एक ते दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते. म्हणून दोन आठवड्यांचा विलंबही येथे महागात पडतो. याच वेगामुळे औषधांचा परिणामही झपाट्याने दिसतो. सायक्लोफॉस्फामाइड या केमोथेरपीच्या औषधाच्या मोजक्या मात्रांनी चेहऱ्याएवढी गाठ आठवड्याभरात ओसरल्याचे १९६० च्या दशकातच युगांडात दिसले होते. १९६७ मध्ये कंपालात स्थापन झालेल्या आणि पुढे युगांडा कर्करोग संस्था म्हणून वाढलेल्या केंद्राचे सुरुवातीचे काम याच रोगावर झाले. केमोथेरपीने कर्करोग बरा होऊ शकतो, या विचाराला बळ देणारा पुरावा जेथून आला, तेथीलच मुले आज त्या उपचारांपासून सर्वाधिक दूर आहेत, हे खेदाने नमूद करावे लागते.

युरोपात ९० टक्के मुले ज्या उपचाराने बरी होतात, तोच उपचार आफ्रिकेत जसाच्या तसा का देत नाहीत?

देऊन पाहिला आहे. बर्किट लिंफोमाच्या तीव्र केमोथेरपीचे सौम्य केलेले रूपही काही आफ्रिकी केंद्रांत वापरले गेले तेव्हा कर्करोगाने नव्हे, तर उपचाराच्या दुष्परिणामांनी दगावणाऱ्या मुलांची संख्या चिंताजनक निघाली.

कारण समजून घेण्यासारखे आहे. तीव्र केमोथेरपीनंतर मुलाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी काही दिवस जवळजवळ नाहीशा होतात. त्या काळात ताप आला तर तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे लागते. रक्तस्राव झाला तर प्लेटलेट लागतात. पेशींची संख्या आणि रक्तातील क्षार रोज मोजावे लागतात. रात्रपाळीला एक-दोन परिचारिका आणि पंचवीस-तीस मुले असलेल्या वॉर्डात ताप आला आहे हे आधी आईलाच कळते. रक्तपेढीत प्लेटलेट नसतात आणि प्रयोगशाळेतील रसायन संपलेले असते. अशा ठिकाणी औषधाची मात्रा वाढवली की बरे होण्याची शक्यता वाढण्याऐवजी घटते.

म्हणून बालकर्करोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे सिओपने, रुग्णालयात उपलब्ध सोयींनुसार टप्प्याटप्प्याने तीव्र होत जाणाऱ्या उपचारपद्धती सुचवल्या. स्टेलनबॉश विद्यापीठाचे पीटर हेसेलिंग, ब्लँटायरच्या एलिझाबेथ मॉलिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मलावी व कॅमेरूनमध्ये बर्किटसाठी सायक्लोफॉस्फामाइडच्या काही मात्रा आणि मणक्यातून दिली जाणारी औषधे, असा साधारण महिनाभराचा उपचार रुळवला. त्यातून वर्षभरानंतर सुमारे निम्मी मुले रोगमुक्त राहिली. निम्मी हा आकडा समाधानाचा नाही. पण उपचाराशिवाय हा रोग जवळजवळ निश्चितपणे जीव घेतो, हे लक्षात घेतले तर त्याचे मोल कळते. गरिबांसाठी दुय्यम दर्जाचा उपचार, अशी टीका यावर होते. वॉर्डाला जेवढा पेलवतो तेवढाच उपचार देणे आणि वॉर्डाची ताकद वाढेल तशी मात्रा वाढवणे, हीच वैद्यकीय सचोटी आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र त्यातील दुसरा भाग विसरला गेला तर टीकाकार खरे ठरतील.

मूल बरे होत असताना पालक उपचार अर्ध्यावर का सोडतात?

या विषयातील हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. ठरलेल्या उपचाराला सलग चार आठवडे किंवा अधिक काळ न येणे म्हणजे उपचार सोडणे, अशी व्याख्या जगभर वापरली जाते. आफ्रिकेतील अनेक केंद्रांत मृत्यूचे आणि अपयशाचे हे एक मोठे कारण आहे.

मलावीत सरकारी रुग्णालयातील उपचार मोफत असतात. तरीही खेड्यातून ब्लँटायरला पोहोचण्यासाठी आधी पायी किंवा सायकलवरून डांबरी रस्ता गाठायचा, मग गर्दीने भरलेल्या मिनीबसमध्ये काही तास काढायचे, आणि हे दर एक-दोन आठवड्यांनी करायचे. एका फेरीचे भाडे हातावर पोट असलेल्या घराची कित्येक दिवसांची कमाई खाऊन टाकते. मुलासोबत आई वॉर्डात राहते. तिची झोपण्याची जागा म्हणजे खाटेशेजारची चटई, आणि घरी इतर मुले असतात. मक्याच्या पेरणीचा किंवा खुरपणीचा हंगाम आला की ती न गेल्यास पुढच्या वर्षी घरात न्सिमा शिजणार नाही, ही तिची भीती अगदी रास्त असते. न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाचे घट्ट शिजवलेले, मलावीचे रोजचे अन्न.

त्यात गाठ वितळली की मूल बरे झाले असे वाटते. दोन मात्रांनंतर सुजलेला जबडा पूर्ववत झालेला, मूल खेळू लागलेले, आणि डॉक्टर म्हणतात की अजून यावे लागेल. याउलट कधी केमोथेरपीने केस गळतात, उलट्या होतात आणि उपचारानेच मूल आजारी पडले असे वाटते. घरातील निर्णय पुष्कळदा वडील, मामा किंवा आजी घेतात आणि ती माणसे वॉर्डात नसतात. गावातील सिंगांगा, म्हणजे पारंपरिक वैद्य, जवळ असतो, ओळखीचा असतो आणि त्याच्याकडे रांग नसते. बहुतेक कुटुंबे रुग्णालयात येण्याआधी त्याच्याकडे जाऊन आलेली असतात. ‘अज्ञान’ हा शब्द या सगळ्यावर चिकटवणे सोपे आहे, पण आई हिशेब करीत असते आणि तिच्या हिशेबात बसभाड्याची रक्कम आपल्या हिशेबापेक्षा फार मोठी असते.

यावर काही उपाय लागू पडला आहे का?

होय, आणि तो उपाय अगदी साधा आहे. विल्म्स गाठीसाठी मलावी, घाना आणि कॅमेरूनसह काही देशांतील रुग्णालयांनी २०१४ मध्ये एकत्रित प्रकल्प सुरू केला. सर्वांनी एकच उपचारपद्धती स्वीकारली, प्रत्येक मुलाची नोंद ठेवली आणि कुटुंबांना प्रवासखर्च, निवास व उपचारखर्चासाठी मदत दिली. उपचार सोडणाऱ्यांचे प्रमाण २३ टक्क्यांवरून सुमारे १२ टक्क्यांवर आले आणि उपचार संपतेवेळी रोगाचे चिन्ह नसलेल्या जिवंत मुलांचे प्रमाण ५२ टक्क्यांवरून सुमारे ६८ टक्क्यांवर गेले. यात एकही नवे औषध नव्हते. या सहकार्यातूनच पुढे कॅनकेअर आफ्रिका हे व्यापक जाळे उभे राहिले.

प्रत्यक्षात हे काम असे चालते : दाखल होतानाच कुटुंबाचा फोन नंबर, शेजाऱ्याचा नंबर आणि गावप्रमुखाचे नाव लिहून घेतात. परतीचे भाडे मूल पुढच्या भेटीला आले की हातात देतात. तारीख चुकली की परिचारिका किंवा समुपदेशक त्याच दिवशी फोन करते. पहिल्याच दिवशी एकूण किती फेऱ्या लागतील आणि गाठ दिसेनाशी झाली तरी का यावे लागेल, हे घरातील निर्णय घेणाऱ्या माणसासह सर्वांना बसवून सांगतात.

विल्म्स गाठीवर आधी शस्त्रक्रिया का करीत नाहीत?

कारण मूल येते तेव्हा गाठीने बहुधा अर्धे पोट व्यापलेले असते. शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे व्हिन्क्रिस्टीन आणि ॲक्टिनोमायसिन-डी ही औषधे देऊन गाठ लहान केली, तर ती फुटण्याचा धोका कमी होतो आणि मूत्रपिंड काढणे सुरक्षित होते. पोट साफ होत नाही म्हणून महिनोन्‌महिने जंताचे औषध घेतलेली मुले यांत पुष्कळ असतात. व्हिन्क्रिस्टीन ज्या झाडापासून मिळते ती सदाफुली मूळची मादागास्करची. आपल्या अंगणातील कुंडीत ती बारमाही फुलते, आणि मोझांबिकच्या सामुद्रधुनीपलीकडील मलावीत मात्र तिच्यापासून बनलेल्या औषधाची कुपी संपली की उपचार थांबतो.

कुपोषणाचा उपचारावर काय परिणाम होतो?

मोठा होतो, आणि तो सहज लक्षात येत नाही. पोटात दोन-तीन किलोंची गाठ असलेले मूल वजनकाट्यावर ठीक भासते. म्हणून ब्लँटायरमध्ये दंडाचा घेर फितीने मोजण्यावर भर दिला गेला, आणि तेव्हा विल्म्स गाठ असलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले कुपोषित असल्याचे दिसले. अशा मुलांच्या शरीरातून व्हिन्क्रिस्टीनचा निचरा सावकाश होतो, असे तेथील अभ्यासात आढळले. त्यामुळे वजनावरून काढलेली नेहमीची मात्रा त्यांना जड जाऊ शकते. जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो.

यावर चिपोंडे वापरले गेले. शेंगदाणा, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे यांची ही घट्ट लापशीवजा चटणी मलावीतच तयार होते, तिला शिजवावे लागत नाही आणि ती तोंड आलेल्या मुलालाही गिळता येते. सोबतच्या आईच्या जेवणाची सोय केली नाही तर मुलाच्या वाट्याचा आहार दोघांत वाटला जातो, हे अनुभवाने शिकावे लागले.

औषधे मिळतात का, आणि ती चांगल्या प्रतीची असतात का?

दोन्ही बाबतींत अडचण आहे. देशात वर्षाला शे-दोनशे मुलांपुरतेच एखादे औषध लागत असेल, तर कंपन्यांना निविदेत रस नसतो. सरकारी भांडारात महिनाभर खडखडाट असतो आणि पालकांना खासगी दुकानात धाडले जाते. यासाठी जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेतील सेंट ज्यूड बालरुग्णालय यांनी डिसेंबर २०२१ मध्ये अनेक देशांची मागणी एकत्र करून औषधे पुरवणारी योजना जाहीर केली. तिचे पहिले वितरण २०२५ च्या सुरुवातीला मंगोलिया आणि उझबेकिस्तान येथे झाले आणि पहिल्या टप्प्यातील देशांत आफ्रिकेतून झांबियाचा समावेश आहे.

दर्जाविषयी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास अस्वस्थ करणारा आहे. कॅमेरून, इथिओपिया, केनिया आणि मलावी येथून गोळा केलेल्या कर्करोगाच्या औषधांच्या उत्पादन-गटांपैकी (बॅचपैकी) साधारण सहापैकी एकात औषधी घटक योग्य प्रमाणात नव्हता. आफ्रिकेत जाणाऱ्या जेनेरिक औषधांचा मोठा वाटा भारतातून जातो, त्यामुळे ही बातमी आपल्याही दाराशी येऊन थांबते.

आफ्रिकेत मुलांना रक्ताचा कर्करोग कमी होतो, हे खरे का?

नोंदींत कमी दिसतो एवढेच खात्रीने म्हणता येते. ताप, फिकटपणा आणि थकवा ही त्याची लक्षणे मलेरिया आणि रक्तक्षयाचीही आहेत. मुलाला रक्त चढवले जाते, मलेरियाचे औषध दिले जाते आणि निदानाच्या आधीच ते दगावते. शिवाय त्याचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो, म्हणजे वर सांगितलेल्या सर्व अडचणी त्याच्या वाट्याला अनेक पटींनी येतात.

डोळ्यातील कर्करोगासाठी डोळा काढण्यास पालक तयार होतात का?

पुष्कळदा पहिल्यांदा नकार देतात, आणि तो समजण्यासारखा आहे. बाहुलीत मांजरीच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसते, तेव्हा मूल हसतखेळत असते, त्याला दुखत नसते, आणि अनोळखी डॉक्टर डोळाच काढायचा म्हणतात. कुटुंब निघून जाते आणि काही महिन्यांनी डोळा खोबणीबाहेर आल्यावर परत येते. तोवर हातातोंडाशी आलेला घास गेलेला असतो. रोग डोळ्यापुरताच असताना केवळ शस्त्रक्रियेने बहुतेक मुले वाचतात. कृत्रिम डोळा बसवलेल्या मुलाची आणि त्याच्या आईची भेट घालून देणे, हे डॉक्टरांच्या समजावण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

खर्च कोण करतो?

देशागणिक उत्तर वेगळे आहे. मलावीत सरकारी रुग्णालय मोफत असले तरी पुष्कळ औषधे आणि भाडे देणगीवर चालते. घानाने २०२२ पासून राष्ट्रीय आरोग्य विम्यात बर्किट लिंफोमा, विल्म्स गाठ, रेटिनोब्लास्टोमा आणि रक्ताचा एक कर्करोग यांचा समावेश केला. पालकांच्या संघटना आणि डॉक्टरांनी त्यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला होता. केनियात बिल न भरल्यामुळे मुलांना रुग्णालयातच अडकवून ठेवण्याची प्रथा संशोधकांनी नोंदवली आहे. त्या भीतीने इतर कुटुंबे उपचाराला येणेच टाळतात.

किरणोपचाराची सोय आहे का?

अनेक देशांत अत्यंत तुटपुंजी आहे. युगांडातील एकमेव यंत्र २०१६ मध्ये कायमचे बंद पडले आणि नवे सुरू होईपर्यंत दीड वर्षाहून अधिक काळ गेला. म्हणून आफ्रिकेसाठीच्या बालकर्करोग उपचारपद्धती शक्यतो किरणांवाचून भागेल अशा आखल्या जातात.

ज्या मुलांना वाचवता येत नाही त्यांच्यासाठी काय केले जाते?

वेदनाशमनाच्या बाबतीत युगांडा अनेक श्रीमंत देशांना धडा देऊ शकेल. डॉ. ॲन मेरीमन यांनी १९९३ मध्ये तेथे हॉस्पिस आफ्रिका युगांडा ही संस्था सुरू केली आणि मॉर्फिनच्या भुकटीपासून स्वस्त, तोंडावाटे घेण्याचे द्रावण बनवण्याची पद्धत रुजवली. वेगवेगळ्या तीव्रतेच्या बाटल्यांत रंग मिसळतात, त्यामुळे वाचता न येणाऱ्या आजीलाही कोणती बाटली ते कळते. २००४ मध्ये कायदा बदलून प्रशिक्षित परिचारिकांना मॉर्फिन लिहून देण्याची मुभा मिळाली, कारण खेड्यात डॉक्टर नसतो आणि परिचारिका असते.

मुंबईतील अनुभवाशी याचे काही साम्य आहे का?

आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात बिहार, बंगाल आणि मराठवाड्यातून आलेली कुटुंबे पूर्वी फुटपाथवर राहत आणि मुलांपैकी सुमारे २० टक्के उपचार सोडून जात. निवास, धान्य, समुपदेशन आणि आर्थिक मदत एका छताखाली आणल्यानंतर हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आले. भारतात देणगीदार, रेल्वेचे सवलतीचे तिकीट आणि औषधांचे कारखाने आहेत, मलावीकडे एवढे बळ नाही. एवढा फरक मात्र डोळ्यांआड करू नये.

उपचार संपल्यावर मूल बरे झाले असे समजावे का?

रोगागणिक काळ वेगळा असतो. बर्किट लिंफोमा उलटायचा असेल तर बहुधा पहिल्या वर्षातच उलटतो, त्यामुळे त्यानंतर डॉक्टर बऱ्यापैकी निश्चिंत होतात. विल्म्स गाठीत किमान दोन वर्षे लक्ष ठेवावे लागते. एक मूत्रपिंड उरलेल्या मुलाचा रक्तदाब अधूनमधून मोजावा आणि डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीचे औषध मिळालेल्या मुलाच्या हृदयावर लक्ष ठेवावे, असे पत्रकावर लिहून दिले जाते. पण भाड्याची मदत बहुधा उपचारासोबतच संपते आणि तपासणीच्या तारखा हुकू लागतात. म्हणून ब्लँटायरसारख्या ठिकाणी मूल दवाखान्यात येण्याची वाट न पाहता फोनवरून किंवा जवळच्या आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यामार्फत ते कसे आहे, शाळेत जाते का, याची चौकशी केली जाते आणि उत्तर मिळेल त्या दिवशी ते नोंदवहीत लिहिले जाते.